६० की १४४? पोरगंही चुकलं आणि मेहुणाही

प्रश्न : दादा, पोराला यंदा इंजिनिअरिंगला अॅडमिशन मिळालीय, लॅपटॉप घ्यायचाय. शाहूपुरीत दोन बघितले, एकाचा स्क्रीन ६० हर्ट्झचा, दुसऱ्याचा १४४ चा, दोघांत नऊ हजारांचा फरक. पोरगं म्हणतंय ६० च्या स्क्रीननं डोळे जातात. माझा मेहुणा म्हणतो माणसाच्या डोळ्याला सेकंदाला २४ चित्रांच्या वर काय दिसतच नाही, ही सगळी गिऱ्हाइकाला टोपी घालायची कामं. खरं कोण बोलतंय?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : काका, दोघंही चुकलेत, पण घरी जाऊन एकदम सांगू नका, मेहुण्याचं लागून राहील.

हर्ट्झ म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो तो आकडा. आधी मेहुण्याचं बघू. ते २४ आलंय सिनेमातनं. मूकपटाच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवायचे, त्यामुळं वेग कमीजास्त चालून जायचा. बोलपट आले आणि आवाज फिल्मच्याच कडेला छापायला लागले, तेव्हा वेग एकसारखा ठेवणं भाग पडलं, नाहीतर हिरोचा आवाज मधेच चिरका व्हायचा. म्हणून सेकंदाला २४ चित्रं ठरली, आवाजही बरा येतो आणि फिल्मही जास्त लागत नाही, असा तो मधला हिशोब. आपल्या कोल्हापुरात १९२९ ला प्रभात सुरू झाली तो साधारण हाच काळ. म्हणजे ही डोळ्याची मर्यादा नाहीच, फिल्मच्या खर्चाची आणि आवाजाची गोष्ट आहे. आणि त्या २४ नंसुद्धा पडदा लुकलुकायचाच, म्हणून प्रोजेक्टरचं शटर एकेक चित्र दोनदा, कधी तीनदा दाखवायचं. डोळ्याला २४ पुरत असते तर हा खटाटोप कशाला केला असता?

आता पोराचं. ६० नं डोळ्यांना त्रास होतो हे एकेकाळी थोडंफार खरं होतं. जुने डब्यासारखे मॉनिटर आठवतात का, मागं एवढं मोठं पोट असलेले? त्यात काचेवर एक किरण फिरायचा, उजेड पडायचा आणि लगेच विझायचा, त्यामुळं ६० वर स्क्रीन थरथरल्यागत दिसायचा आणि तासाभरात डोकं धरायचं. मी २००३ च्या आसपास ज्या नेट कॅफेत बसायचो तिथं गेल्या गेल्या पहिलं काम म्हणजे सेटिंग उघडून ६० चं ८५ करणं, कॅफेवाला ओरडायचा, मशीनला हात लावू नको म्हणून. आत्ताच्या चपट्या एलसीडी स्क्रीनमध्ये तसं नसतं, पुढचं चित्र येईपर्यंत आधीचं तसंच उजळलेलं राहतं, त्यामुळं ६० मुळं लुकलुक होत नाही. हां, काही स्वस्त पॅनलमध्ये (पॅनल म्हणजे स्क्रीनचा चित्र दाखवणारा भाग) ब्राइटनेस कमी केला की मागचा दिवाच भराभर बंद-चालू करतात, त्याचा त्रास काहींना होतो, पण त्याचा हर्ट्झशी संबंध नाही, १४४ च्या स्क्रीनलाही तो असू शकतो. पोराचे डोळे दुखत असतील तर आधी अंधारात लोळत मोबाईल बघणं बंद करायला सांगा.

मग १४४ मध्ये फरक काहीच नाही का, तर आहे, आणि चांगला दिसण्याइतका आहे. ६० ला एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद स्क्रीनवर थांबतं, १४४ ला ७ च्या जरा आत. वेबपेज भराभर वर सरकवताना तुमचा डोळा अक्षरांच्या मागं सलग सरकत असतो, पण चित्र मात्र तेवढा वेळ जागेवर उभं असतं, तिथं अक्षर पुसट होतं. सेकंदाला ९६० पिक्सेल (स्क्रीनवरचे बारीक ठिपके) वेगानं पान सरकत असेल तर ६० वर अक्षर १६ पिक्सेल फासतं, १२० वर ८. म्हणून १२० वाल्या फोनवर बातमी सरकवताना मथळा वाचता येतो आणि ६० वाल्यावर थांबावं लागतं. पोरगं फोनवर हे रोज बघतंय, त्यामुळं लॅपटॉप त्याला अडखळल्यागत वाटणारच, त्यात त्याचा दोष नाही. पण ६० वरनं १२० ला गेलं की हा फरक जेवढा जाणवतो तेवढा १२० वरनं १४४ ला गेल्यावर नाही, मिलिसेकंदात बघितलं तर जेमतेम दीडचा फरक.

आता नऊ हजार. पोरगं गेम खेळणार असेल तर वेगळं, पण गेममध्येही ग्राफिक्स कार्डानं तेवढी चित्रं काढून द्यायला पाहिजेत, कार्ड सेकंदाला ५० च काढत असेल तर स्क्रीन १४४ चा असून काय उपयोग, जेवायला शंभर पान मांडलं आणि भाकरी थापणारी एकटीच अशी गत. कोडिंग, असाइनमेंट, लेक्चरचे व्हिडिओ, याला ६० चालतं, व्हिडिओ तर बहुतेक असतातच ३० नाहीतर ६० चे. त्यातनं १४४ बॅटरी जास्त खातो आणि गेमिंग लॅपटॉपचा चार्जर विटेएवढा, तो पोरगं केएमटी बसच्या गर्दीत पाठीवर घेऊन जाणार. मी असतो तर दुकानात दोन गोष्टी विचारल्या असत्या. रॅम १६ जीबी आहे का, आणि पॅनलचा रंग किती. एनटीएससी आणि एसआरजीबी ही स्क्रीन किती रंग दाखवतो ते मोजायची मापं. कागदावर ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलं असेल तर तो फिक्का पॅनल, एसआरजीबीचे जेमतेम ६०-६५ टक्के रंग दाखवतो, टोमॅटो विटकरी दिसतो. कितीतरी १४४ वाले स्वस्त लॅपटॉप असलेच पॅनल लावून येतात. ६० वाला यात चांगला निघाला तर डोळे झाकून तोच घ्या. दोन्ही सारखेच असतील आणि दुकानदार नवाचे तीन हजार करत असेल, तर मग पोराचं मन राखा की.

प्रश्न : दादा, माझं लक्ष्मीपुरीत डीटीपीचं छोटं दुकान आहे, पत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स करते. मॉनिटर गेला. नवीन घेताना १६५ हर्ट्झचा घेऊ का, कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) काम जलद होईल का?
– एक वाचक ताई

उत्तर : नाही ताई, कोरल तेवढंच चालणार, माऊस तेवढा गुळगुळीत फिरेल. तुमचं दुखणं रंगाचं आहे, स्क्रीनवर भगवा दिसला आणि फ्लेक्सवर विटकरी आला तर भाऊंचा कार्यकर्ता दारात उभा. आयपीएस (बाजूनं बघितलं तरी रंग फारसा न बदलणारा) पॅनल घ्या, एसआरजीबी शंभर टक्क्यांच्या जवळ, आणि जमलं तर २७ इंची क्यूएचडी (२५६० बाय १४४० पिक्सेलचा). हर्ट्झ जे मिळेल ते, हल्ली साध्या ऑफिसच्या मॉनिटरलाही ७५ नाहीतर १०० येतातच, त्याला वेगळे पैसे घालू नका.

प्रश्न : भावा, १४४ चा मॉनिटर घेऊन महिना झाला, ६० पेक्षा काडीचा फरक नाही. फसलो काय?
– कसबा बावड्यातनं

उत्तर : बहुतेक नाही. सेटिंग्ज, मग सिस्टिम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं जा आणि तिथं किती लिहिलंय बघ. बऱ्याच वेळा विंडोज आपलं आपण ६० लावून मोकळं होतं, मालक महिनाभर १४४ म्हणून ६० बघत बसतो. यादीत १४४ दिसतच नसेल तर केबल आणि पोर्ट बघ, जुन्या एचडीएमआयवरनं बऱ्याचदा १२० लाच गाडं अडतं, डिस्प्लेपोर्ट असेल तर तो वापर. मी स्वतः एकदा नवा फोरके (फुल एचडीच्या चौपट पिक्सेलचा) मॉनिटर जुन्या लॅपटॉपच्या एचडीएमआय १.४ ला लावला, तिथं फोरके ३० च्या वर जातच नाही, माऊस चिखलात म्हैस रुतल्यागत चाललेला आणि मी तीन दिवस माऊसलाच शिव्या देत होतो, नवीन माऊससुद्धा आणला. तो अजून कपाटात पडलाय, पाहिजे असेल तर सांग.