कबुतरांसाठी कमी आवाजाची शॉटगन: ४१० घेऊ की १२ बोअर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही इंग्लंडमधल्या लिंकनशायरमध्ये राहता, शॉटगनचं सर्टिफिकेट नुकतंच हातात पडलंय आणि ओळखीच्या शेतकऱ्याने रेपवर (मोहरीसारखं तेलबियांचं पीक) उतरणारी कबुतरं मारायला परवानगी दिलीय. शेताला लागून घोड्यांचा तबेला आणि पाच-सहा घरं आहेत, म्हणून बंदूक शक्य तितकी गप्प हवी.

माझं उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. तबेल्याकडच्या कुंपणासाठी मॉडरेटर, म्हणजे सायलेन्सर, नळीवर कायमचा बसवलेली ४१० घ्या, म्हणजे बारीक नळीची शॉटगन. बाकीच्या शेतासाठी साधी १२ बोअर, म्हणजे नेहमीची रुंद नळीची, आणि सबसॉनिक काडतुसं (ज्यांचे छरे आवाजापेक्षा हळू जातात) पुरेत. दोन्ही एकदम परवडत नसतील तर आधी १२ बोअर घ्या. मी उलट केलं आणि वर्षभर पस्तावलो.

मी मूळचा बार्शीकडचा. इथे १४ वर्षं झाली, धान्य वाळवायची यंत्रं दुरुस्त करतो, त्यामुळे शेतकऱ्यांच्या ओळखी आपसूक झाल्या. मलाही सुरुवातीला तुमच्यासारखंच वाटायचं की बार जितका हळू तितकी पाखरं जास्त. पण इथल्या रेपच्या शेतात पाखरं उठवायला ठेवलेली गॅसची तोफ पाहा. दिवसभर ठराविक वेळाने धडाड वाजते आणि चौथ्या दिवशी कबुतरं तिच्यापासून वीस पावलांवर निवांत चरत असतात. लहानपणी हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर बसून गोफण फिरवलीय मी. दोन दिवस तिच्या फटक्याला पाखरं उठायची, तिसऱ्या दिवशी माळ्याच्या खांबावरच येऊन बसायची. कबूतर बिचकतं ते हालचालीला. जाळीच्या आडोशातून वर आलेलं गोरं किंवा गव्हाळ तोंड, चमकणारी नळी, घाईने उचललेला हात. त्यामुळे मॉडरेटरचे पैसे पाखरासाठी खर्च करू नका. ते खर्चायचे शेजाऱ्यांसाठी, घोड्यांसाठी आणि थोडेसे स्वतःच्या कानांसाठी.

आता आवाजाचं. बंदुकीचा आवाज म्हणजे तीन आवाज असतात. नळीच्या तोंडातून फुटणारा वायू, आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या छऱ्यांचा कडाका आणि बंदुकीच्या यंत्राची खटखट. मॉडरेटर फक्त पहिला आवाज दाबतो. साधं १२ बोअरचं काडतूस छरे सेकंदाला सुमारे ४२५ मीटर वेगाने फेकतं, आणि आवाजाचा वेग आहे साधारण ३४०, कडक थंडीत ३३० च्या आसपास. म्हणजे कितीही भारी मॉडरेटर लावला तरी साध्या काडतुसाचा कडाका राहणारच. सबसॉनिक काडतुसाचे छरे ३२० च्या आसपास जातात, तिथे तो कडाका नाहीसा होतो. सिनेमात ऐकू येते तशी फुसफुस मात्र विसरा. मॉडरेटरने साधारण २० ते ३० डेसिबल उतरतात, आणि १२ बोअरचा बार मुळात १५० च्या वर असतो. मॉडरेटरच्या ४१० मधून सबसॉनिक काडतूस उडवलं तर जड लाकडी दार वाऱ्याने आपटल्यासारखा आवाज येतो. दोन शेतं पलीकडच्या माणसाला तो बार वाटत नाही, एवढं नक्की. कानाला मफ तरीही लावायचेच.

मग ४१० चं दुखणं काय? तिची नळी आतून जेमतेम १०.४ मिलिमीटर, १२ बोअरची साडेअठरा. तीन इंची काडतुसात १८-१९ ग्रॅम छरे मावतात. इथल्या मापाने सहा नंबरचे धरले तर १७०-१८० दाणे झाले. १२ बोअरच्या ३२ ग्रॅममध्ये तेच ३०० च्या वर. पंचवीस पावलांपलीकडे ४१० च्या छऱ्यांच्या जाळ्यात कबूतर सहज मावेल अशी भोकं पडतात.

हे मला माहीत होतं. तरी पहिल्या फेब्रुवारीत काय झालं ते सांगतो. झाडीच्या कडेला उभा होतो, संध्याकाळी कबुतरं वस्तीला येत होती. बंदूक इतकी गप्प की माझंच भान सुटलं. मोठा बार निघाला की माणूस दोनदा विचार करतो, इथे नुसतं थप् होतं आणि हात सैल सुटतो. पस्तीस पावलांवरच्या एकावर झाडली. पिसं उडाली, पाय लोंबला आणि ते तसंच तरंगत पलीकडच्या काटेरी कुंपणात गेलं. अंधार पडेपर्यंत शेतकऱ्याची कुत्री घेऊन शोधत होतो. शेवटी तिने आणलं तेव्हा जिवंत होतं. त्या दिवसापासून बावीस पावलांवर जमिनीत एक काठी खुपसतो. काठीपलीकडचं पाखरू ४१० चं नाही.

दुसरी गोष्ट तोलाची. कायमच्या मॉडरेटरच्या बंदुकीला नळीभोवती जाड नळकांडं असतं. बंदूक पुढून जड होते, आणि वळवायला सुरुवात केली की थांबवायलाही कष्ट पडतात. सबसॉनिकचे छरेही उशिरा पोचतात, त्यामुळे आडव्या उडणाऱ्या पाखराच्या पुढे नेहमीपेक्षा वीतभर तरी जास्त नेम धरावा लागतो. पहिले पंधरा दिवस तुमचे सगळे बार शेपटीमागून जातील. दुकानात नुसती हातात घेऊन ठरवू नका, खांद्याला लावून दहा-वीस वेळा डावी-उजवी फिरवून बघा.

प्रकार निवडताना दोनच बघा: काडतूस भरायला मधून दुमडणारी एकनळी, किंवा पंप, म्हणजे पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस बदलायची. दुनळीला मॉडरेटर लावणं अवघड असतं. पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या सेमी-ऑटोत सबसॉनिक काडतुसाचा जोर बऱ्याचदा कमी पडतो, रिकामं टरफल अर्ध्यात अडकतं आणि तुम्ही जाळीआड बसून ते नखाने उपसत राहता. इथे हशपॉवर नावाने मिळणाऱ्या ४१० पुष्कळांकडे दिसतात, यिल्डिझची एकनळी हलकी असते. १२ बोअरला वरून लावायचे मॉडरेटरही मिळतात, नॉर्वेच्या ए-टेकचा आहे तसा. पण त्याला नळीच्या तोंडाशी चोक (तोंड अरुंद करणारा तुकडा) बसवायचे आटे लागतात. आजोबांच्या काळातली स्वस्त दुनळी घेऊन त्याला मॉडरेटर लावू, असा बेत असेल तर सोडून द्या. कोणाच्या गॅरेजमध्ये बनवलेलं काहीही लावू नका. सेकंडहॅन्ड घेत असाल तर नळीच्या आत टॉर्च मारून मॉडरेटरमध्ये वायू जायची भोकं बघा. शिसं आणि काडतुसातल्या प्लास्टिकच्या बोळ्याची राख साचून ती बुजतात, मग तुम्ही फक्त वजन वाहता. स्टीलचे छरे चालतात का हे त्या बंदुकीच्या कंपनीकडूनच विचारून घ्या. शिशाच्या छऱ्यांवर बंदी आणायचं सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलंय, तेव्हा आज घेतलेली बंदूक उद्या निरुपयोगी व्हायला नको.

कागदपत्रांचं सोपं आहे. शॉटगनच्या मॉडरेटरची वेगळी नोंद लागत नाही, पण बंदुकीची लागते आणि ती घेतल्यापासून सात दिवसांत पोलिसांना कळवायचं असतं. मॅगझिनमध्ये दोनपेक्षा जास्त काडतुसं मावत असतील तर तुमचं सर्टिफिकेट तिला चालणार नाही, पंप घेताना हे बघा. कबुतरं मारता येतात ती इंग्लंडच्या जीएल ४२ या जनरल लायसन्सखाली, म्हणजे पिकाचं गंभीर नुकसान टाळायला. हौसेला ते लागू नाही. अर्ज करावा लागत नाही, पण ते वाचलेलं असावं लागतं, आणि दर जानेवारीला नवं बघायचं.

ते वाचलंत की त्यातल्या पाखरांच्या यादीत एक नाव दिसणार नाही: स्टॉक डव्ह, हेही एक रानकबूतरच. इथलं वूडपिजन आपल्या पारव्यापेक्षा दांडगं असतं, अर्धा किलोच्या घरात, मानेवर पांढरा डाग आणि उडताना पंखावर पांढरी पट्टी. स्टॉक डव्ह लहान, पट्टी नाही, मानेवर पांढरं नाही, आणि रेपवर त्याच थव्यात येतं. ते मारलं तर गुन्हा. संधिप्रकाशात पांढरं दिसलं नाही तर मी बंदूक उचलतच नाही.

धान्याच्या कोठारातल्या कबुतरांसाठीही हीच ४१० वापरू का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. नको. छपराच्या पत्र्याला भोकं पडली की शेतकऱ्याची परवानगी त्याच दिवशी संपते. तिथे मॉडरेटर लावलेली एअर रायफल बरी, आपण जिला छऱ्याची बंदूक म्हणतो ती. तिची ताकद १२ फूट-पौंडांच्या आतली असेल तर इंग्लंडमध्ये सर्टिफिकेटही लागत नाही.

महाराष्ट्रातून कोणी हे वाचत असेल तर यातलं काहीही तिकडे लागू नाही. १९७२ च्या कायद्याने रानपाखरांची शिकार बंद आहे आणि सायलेन्सर शस्त्र नियमांत निषिद्ध गटात मोडतो.

राहिला तबेला. बंदूक घेण्याआधी तिथल्या मालकीणबाईंना जाऊन भेटा. मी ४१० घेतली ती अशाच एका तबेल्यामुळे, आणि वर्षभराने बाईंशी बोलणं झालं तेव्हा कळलं की त्यांना आवाजाचं विशेष काही नव्हतं. घोडे बारांना सरावलेले होते. त्यांना भीती होती ती पोरी घोड्यावर बसून गल्लीतून जात असताना अचानक बार होण्याची. आता दर शनिवारी सकाळी त्यांचा मेसेज येतो: "साडेदहापर्यंत घोडे आत आहेत." मी तबेल्याकडे पाठ करून १२ बोअर घेऊन बसतो आणि सव्वादहाला काडतुसं काढून आवरायला लागतो.