दुसऱ्या आठवड्यात मराठी सिनेमाचा सकाळचा एकच शो का उरतो?

तुम्ही विचारलंय, चार लोक चांगलं म्हणतात म्हणून आठवड्याने बघायला जावं तर सकाळी 9:45 चा एकच शो. मराठी प्रेक्षकाने थिएटर सोडलंय का? माझ्या मते सोडलेलं नाही. तो उशिरा निघतो, एवढंच.

पूर्वी पोस्टर बघून शुक्रवारी गर्दी व्हायची. आता घरच्या ग्रुपवर कोण काय म्हणतंय ते बघूनच तिकीट काढतात. चौघांचं मल्टिप्लेक्स खाण्यापिण्यासकट सहज हजाराच्या वर जातं, मग कोण रिस्क घेणार? 'ओटीटीवर येईलच की' हेही असतंच. म्हणून बोलबाला व्हायला रविवार उजाडतो. पुढच्या शुक्रवारचे शो मात्र पहिल्या तीन-चार दिवसांच्या आकड्यांवरच वाटले जातात. तेवढ्यात मोठा हिंदी सिनेमा आला की संध्याकाळचे शो त्याचे.

पैशाचं गणितही उशिरा येणाऱ्याच्या विरोधात आहे. 250 रुपयांच्या तिकिटातून 18 टक्के जीएसटीचे साधारण 38 रुपये गेले की 212 उरतात. 2009 मध्ये हिंदी निर्माते-वितरकांनी मल्टिप्लेक्सविरुद्ध केलेल्या संपानंतर हिंदीसाठी ठरलेला आणि पुढे रूढ झालेला निर्मात्यांचा वाटा पहिल्या आठवड्यात 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5. म्हणजे निर्मात्याच्या बाजूला आधी 106 रुपये, मग 90, मग 80 च्या आत. हळूहळू चढणाऱ्या सिनेमाला गर्दी मिळते तेव्हा वाटा उतरलेला असतो. पॉपकॉर्नमधला तर एक रुपयाही त्याला मिळत नाही.

सरकारी नियमाचं विचाराल तर 2015 मध्ये मराठीला प्राइम टाइम द्यायचं ठरलं आणि वादानंतर त्याचा अर्थ दुपारी 12 ते रात्री 9 असा झाला. सव्वाबाराचा शो लावला की नियम पाळला!

तरी दुपार वाया जातेच असं नाही. 30 जून 2023 ला आलेल्या 'बाईपण भारी देवा'ला बायका घोळक्याने गेल्या, साड्या नेसून, भिशीच्या मैत्रिणींना घेऊन. एरवी रिकाम्या जाणाऱ्या दुपारच्या शोंनाही गर्दी झाली. घरी एकटीने बघायचा नाही, मिळून बघायचा सिनेमा असला की लोक आजही उठून जातात.

तुम्हाला करता येण्यासारखं म्हणजे तिकीट शुक्रवारच्या आत ऑनलाइन काढा, कारण आगाऊ बुकिंग शो वाटणाऱ्याला दिसतं; ऐन वेळी खिडकीवर घेतलेलं त्याला उशिरा कळतं. चार-पाचच तिकिटं गेलेली असली तर शो रद्दही होतो, निघण्याआधी ॲपवर बघून घ्या. जवळ सिंगल स्क्रीन असेल तर आधी तिथे चौकशी करा, तिकीट बहुधा स्वस्त असतं. सोसायटीची पन्नास-साठ माणसं जमत असतील तर मल्टिप्लेक्सच्या मॅनेजरला सोमवारीच गाठा, एकगठ्ठा बुकिंगवर सोयीची वेळ मिळू शकते. एकदा आठवड्याचे शो लागले की तो फारसं काही करू शकत नाही.