जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत संगणक शिकवायला जायचंय, सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : नोकरी घरून करता येते म्हणून पुण्याहून कोल्हापूरला परत आलात, शनिवार मोकळा असतो, घरात दोन जुने लॅपटॉप पडून आहेत, तर गावातल्या प्राथमिक शाळेत जाऊन मुलांना कोडिंग शिकवावं का?

मी एका पतसंस्थेच्या संगणक विभागात काम करते. २०१९ च्या महापुरानंतर करवीर तालुक्यातल्या नदीकाठच्या एका शाळेत गाळ काढायला गेले होते, ती तिथलीच झाले. करोनाचा काळ सोडला तर बहुतेक शनिवारी जाते. शनिवारी शाळा सकाळची असते, त्यामुळे तिथलं आटोपून कामावर पोचता येतं.

जरूर जा. पण पहिला महिनाभर कोडिंग राहू दे आणि लॅपटॉपही घरीच राहू देत. आधी मुख्याध्यापकांना भेटा, त्यांच्यामार्फत शाळा व्यवस्थापन समितीच्या कानावर घाला. ते पंचायत समितीच्या शिक्षण विभागाचं पत्र मागतील तर मागू देत, रीतसर अर्ज करा. आणि पहिले काही शनिवार शिक्षकांच्या शेजारी बसा. यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, वरून आलेले तक्ते, हे सगळं त्यांना शिकवता शिकवता भरावं लागतं, बरेचदा स्वतःच्याच मोबाइलवर. आमच्या बाईंकडे दहा-बारा वर्षांच्या प्रश्नपत्रिका जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या. नव्या संगणकावर उघडल्या की नुसती चिन्हं दिसायची. दोन शनिवार बसून मी त्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा अक्षरांत, आणून दिल्या. त्यानंतर बाई आपणहून म्हणाल्या, "आता चौथीचा तास तुम्ही घ्या की."

हे आधी सांगतेय कारण मी सुरुवातीला उलटं केलं होतं. ओळखीच्यांकडून पाच संगणक जमवले, वरच्या मजल्यावरच्या खोलीत मांडले, नारळ फोडला. दिवाळीची सुट्टी संपवून गेले तर खोलीला कुलूप आणि किल्ली ज्या सरांकडे होती त्यांची बदली झालेली. किल्ली मिळायला जानेवारी उजाडला. तोवर दोन संगणकांच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या. मला फार लागलं ते. पण चूक सरांची नव्हती. ते संगणक शाळेत कुणाचेच नव्हते, ते माझे होते.

म्हणून आता जे काही नेते ते मुलांना उघडून दाखवते. एका जुन्या संगणकावर रोज २००५ सालातली तारीख यायची आणि कुठलीही साइट उघडायला गेलं की सुरक्षेची सूचना. मुलं म्हणायची, "ताई, हा मागं पडलाय." बटण बंद केलं, वायर काढली, पाचवीच्या दोन मुलींना झाकणाचे स्क्रू काढायला लावले. आत मदरबोर्डवर रुपयाएवढा चकचकीत सेल असतो, सीआर २०३२. वीज नसताना घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. तो उतरला की संगणक दर वेळी तारीख विसरतो आणि तारीख चुकली की साइटची ओळख पटवणारी मुदतीची प्रमाणपत्रं त्याला खोटी वाटतात. नखाने खटका दाबला की सेल उडी मारून बाहेर येतो. नवा बसवला, भेळेच्या एका प्लेटएवढा खर्च. त्या दोघींनी पुढच्या शनिवारपर्यंत अख्ख्या शाळेला ते सांगून झालं होतं, आणि वर्गातल्या बंद पडलेल्या भिंतीवरच्या घड्याळाकडेही त्यांचं लक्ष गेलं होतं. खोलीची किल्ली आता पाचवीच्या वर्गाकडे असते, खिळ्याला टांगलेली.

आता काय करायचं ते. माझं ऐकाल तर पावसापासून सुरू करा. आपल्या मुलांना पाऊस आणि नदी यांच्याइतकं दुसरं काही कळत नाही. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या. वरचा भाग कापून उलटा करून नरसाळ्यासारखा तिच्यातच बसवा. बूड खोलगट असतं म्हणून आत थोडे खडे टाका, खडे बुडेपर्यंत पाणी घाला आणि तिथे शून्याची रेघ मारा. त्या रेघेपासून वर पट्टी चिकटवा. झालं पर्जन्यमापक. झाड आणि पागोळ्या यांच्यापासून लांब, उघड्यावर ठेवा. हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं, शाळा त्यानंतर भरते, म्हणून शाळेशेजारी राहणाऱ्या दोन मुलांकडे आम्ही हे काम दिलंय. पुढचं गणित मुलांना फार आवडतं : एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. दोन खोल्यांचा पत्रा साठ चौरस मीटर भरला, तर दहा मिलीमीटर पावसात त्यावरून सहाशे लिटर वाहून जातं. टेपने पत्रा मोजायला सगळा वर्ग बाहेर आला होता.

दुसरी नोंद पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीची. पावसाळ्यात ती रोज जाहीर होते. एकोणचाळीस फूट इशारा, त्रेचाळीस फूट धोका, हे इथल्या पोराटोरांना पाठ असतं. दोन्ही आकडे मुलं वहीत लिहितात, शनिवारी स्प्रेडशीटमध्ये भरतात आणि आलेख काढतात. पहिल्याच वर्षी एके दिवशी बाटलीत जेमतेम आठ मिलीमीटर आणि नदी मात्र दोन फूट चढलेली. वर्गात वाद पेटला. एक म्हणे बाटली फुटकी आहे. मग नकाशा उघडला आणि पंचगंगेला पाणी आणणाऱ्या नद्यांवरून बोट फिरवत, कुंभी धरून गगनबावड्यापर्यंत, भोगावती धरून राधानगरीपर्यंत गेलो. आपल्या नदीचा पाऊस आपल्या गावात पडत नाही, हे मी सांगितलं असतं तर विसरले असते. तेव्हापासून राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की मुलं आलेखात त्या दिवशी लाल ठिपका देतात.

आणि एक प्रसंग तर मला अजून जसाच्या तसा दिसतो. पातळी फूट-इंचात येते. अडतीस फूट सहा इंच म्हणून मुलांनी ३८.६ भरलं. दुसऱ्या दिवशी अडतीस फूट अकरा इंच, म्हणून ३८.११ भरलं. आलेखाची रेघ खाली आली. चौथीतली एक मुलगी पडद्याजवळ जाऊन म्हणाली, "ताई, नदी चढली आणि रेघ उतरली." मी बाईंकडे बघितलं, बाईंनी माझ्याकडे. आम्हा दोघींनाही ते दिसलं नव्हतं. फुटाचे बारा इंच असतात, दहा नव्हे. मग सगळ्यांनी मिळून सगळे आकडे इंचात केले : पहिला दिवस ४६२, दुसरा ४६७, इशारा ४६८, धोका ५१६. रेघ वर गेली. संगणक सांगेल तेच खरं मानायचं नाही, नदी बघून यायची, हे त्या मुलीने आम्हाला शिकवलं. कोडिंगचा पाया याहून वेगळा काय असतो, मला तरी माहीत नाही. बारा वेळा तेच गुणायचा कंटाळा आल्यावर एका मुलाने विचारलं, "हे संगणक आपोआप करंल का?" त्या दिवशी मी सूत्र शिकवलं. त्याआधी शिकवलं असतं तर ते फळ्यावरच राहिलं असतं.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. वर्गात मुलांसोबत एकटे थांबू नका, शिक्षक हजर असू देत. पालकांना विचारल्याशिवाय मुलांचे फोटो कुठेही टाकू नका. कुठलीही वायर लावण्याआधी अर्थिंग तपासून घ्या. आमच्याकडे संगणकाच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या, वायरमनला बोलावून नवीन अर्थिंग घातल्यावरच मुलांना खोलीत सोडलं. आणि इंटरनेटवर विसंबू नका. किविक्स नावाच्या ॲपवर मराठी विकिपीडिया उतरवून ठेवता येतो, स्टेलॅरियमवर आकाश दाखवता येतं, दोन्ही फुकट आणि नेटशिवाय चालतात.

पैशांची वेळ आली तर माजी विद्यार्थी आणि गावातली तालीम (तरुण मंडळ) यांच्याकडे जा. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्यामुळे आपल्याकडे आजोबा, वडील आणि नातू एकाच शाळेत शिकलेली घरं भरपूर आहेत. त्यांना शाळेबद्दल माया असते, फक्त नेमकं काय हवंय ते सांगावं लागतं. "मदत करा" म्हटलं तर माना हलतात. "इन्व्हर्टरची बॅटरी हवीय" म्हटल्यावर आमच्या तालमीने गणपतीच्या वर्गणीतून ती आणून दिली.

तुमच्या दोन लॅपटॉपपैकी एक शाळेत चालवायला आणि दुसरा मुलांना उघडून बघायला ठेवा. दोन्हींची मॉडेलं आणि रॅम किती आहे ते कळवा, कोणतं लिनक्स (विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट प्रणाली) नीट बसेल ते सांगते.