तीस खुर्च्यांच्या आतल्या हॉटेलमालकाचा हक्क

प्रश्न : धूम्रपानबंदीचा कायदा छोट्या व्यावसायिकांवर अन्याय करतो, असे मत आपण या सदरात मांडले होते. सिगारेटचा धूर शेजारी बसलेल्यालाही घातक असताना व्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाखाली या सवयीची पाठराखण करणे योग्य आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : धूर शेजाऱ्याला घातक असतो, याबद्दल दुमत नाही. काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये रुग्णालये, शाळा, ग्रंथालये आणि सार्वजनिक वाहनांत धूम्रपानाला मनाई केली ती रास्तच होती, कारण आजारी माणसाला, विद्यार्थ्याला किंवा प्रवाशाला तिथे जाण्यावाचून गत्यंतर नसते. परमिट रूममध्ये मात्र प्रौढ माणूस स्वतःच्या मर्जीने जातो, आणि दारावरची पाटी वाचून त्याला परतही फिरता येते.

माझा मुख्य आक्षेप २००३ च्या केंद्रीय तंबाखू नियंत्रण कायद्यातील चौथ्या कलमावर आहे. तीस किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलला, तीस किंवा अधिक आसनांच्या उपाहारगृहाला आणि विमानतळाला स्वतंत्र धूम्रपान कक्ष ठेवण्याची मुभा हे कलम देते. वीस खुर्च्या मांडून बसलेल्या मालकाला ती नाही. २००८ च्या नियमांनुसार या कक्षाला चारही बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती, आपोआप मिटणारे दार आणि धूर थेट बाहेर सोडणारी यंत्रणा लागते. ही व्यवस्था छोट्या मालकाने पदरमोड करून केली, तरी केवळ खुर्च्या कमी म्हणून कायदा त्याला परवानगी नाकारतो. धूर अडतो तो भिंतीने आणि दाराने. खुर्च्यांच्या संख्येशी त्याचा काय संबंध? उलट टेबलावर साधे रक्षापात्र किंवा काडेपेटी ठेवली तरी त्याच्याकडून नियमभंग होतो, आणि गिऱ्हाइकाने सिगारेट पेटवली तर दंडाचा भुर्दंड मालकावरही पडतो.

वेटरच्या फुफ्फुसांचे काय, हा यावरचा सर्वांत गंभीर प्रश्न आहे आणि तो मला मान्य आहे. परंतु धूम्रपान कक्षात अन्य कोणतीही सेवा देऊ नये, असा नियम आधीच आहे. तो मोठ्या हॉटेलातल्या वेटरला पुरेसा वाटत असेल, तर छोट्या हॉटेलातल्या वेटरला अपुरा का ठरावा?

हाच दुजाभाव महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर घातलेल्या बंदीत दिसतो. पाकिटाच्या ८५ टक्के भागावरचा सचित्र इशारा सुटी सिगारेट घेणाऱ्याला दिसत नाही, हे त्यामागचे कारण. टपरीच्या खांबाला दोरीने लायटर बांधून दिवसभर उभा असलेला माणूस मुख्यतः सुट्या विक्रीवर तगतो. कंपनीला मात्र पाकीट कसेही खपले तरी फरक पडत नाही. शिवाय रोजंदारीवरचा मजूर आज दोन सिगारेटींवर थांबतो, त्याला दहाचे पाकीट घ्यायला लावले तर उरलेल्या आठ त्याच्या खिशातच राहतात, आणि त्या तो ओढणार नाही याची हमी कोण देणार? इशाराच दाखवायचा असेल तर तेच चित्र टपरीवर ठळकपणे लावण्याची सक्ती करावी.

अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणाऱ्यावर आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत दुकान थाटणाऱ्यावर कडक कारवाई व्हावी, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. प्रौढांच्या बाबतीत मात्र चौथ्या कलमातील तिसाची अट काढून टाकावी आणि कक्षाचे नियम पाळणाऱ्या प्रत्येक मालकाला, त्याच्या हॉटेलात खुर्च्या कितीही असोत, हा निर्णय स्वतः घेऊ द्यावा.