घरात सापडलेल्या जुन्या लष्करी पत्राच्या पाकिटावर गावाचं नाव नाही, शिक्क्यात फक्त 'एफपीओ' आणि एक आकडा. पत्र कुठून आलं हे कसं ओळखायचं?

नुसत्या आकड्यावरून जागा ठरवू नका. तो आकडा फील्ड पोस्ट ऑफिसचा (एफपीओ), म्हणजे फौजेसोबतच्या टपाल कार्यालयाचा असतो, आणि फौज हलली की ते ऑफिसही तिच्याबरोबर हलायचं. ठिकाण शत्रूला कळू नये म्हणूनच गावाऐवजी आकडा वापरत. त्यामुळे शिक्क्यावरची तारीख आणि आकडा एकत्र वाचावे लागतात. दोन्ही मिळाले की त्या काळातल्या फील्ड पोस्ट ऑफिसांच्या याद्यांशी ताडून पाहा.

पुढचा धागा तिकिटाचा. ब्रिटिश राजा पंचम जॉर्जच्या तिकिटावर 'आय.ई.एफ.' (इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स) छापलेलं असेल तर ते पहिल्या महायुद्धात परदेशी गेलेल्या भारतीय फौजेसाठीचं. 'सी.ई.एफ.' (चायना एक्स्पिडिशनरी फोर्स) असेल तर 1900 पासूनच्या चीन मोहिमेशी संबंधित. पाकिटावर हाताने 'आयईएफ डी' लिहिलेलं असेल तर मेसोपोटेमिया (आजचा इराक), 'ए' असेल तर फ्रान्स. आपल्याकडच्या घरांत 'डी'ची पत्रं निघण्याची शक्यता बरीच, कारण 6वी पूना डिव्हिजन तिकडेच होती आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. हीच डिव्हिजन मेसोपोटेमियातल्या कूत गावात तुर्की फौजेच्या वेढ्यात अडकली; तो वेढा डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 चालला. घरातल्या पत्रांमध्ये नेमकी तेवढीच पोकळी दिसली, तर ती तारीख नीट लिहून ठेवा.

सेन्सॉरचा शिक्काही बघा, पत्र लष्करी तपासणीतून गेल्याचा तो पुरावाच आहे.

आणि कृपा करून तिकीट सोडवू नका! पाकीट, शिक्के आणि आतलं पत्र एकत्र असेल तरच त्याचा इतिहास वाचता येतो. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन तर अजिबात नको.