हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे कोर्स केले तर पुढे एक वर्ष वाचतं का?

वर्ष वाचतं का, एवढंच विचारलं असतंत तर "कधीकधी" म्हणून मोकळी झाले असते. पण मुलगी अकरावीत आहे, शाळेतलं गणित तिला पुरत नाही आणि ड्युअल एनरोलमेंटचा (शाळेत असतानाच कॉलेजचे कोर्स करायची अमेरिकेतली सोय) फॉर्म घरात येऊन पडलाय, असंही तुम्ही लिहिलंय. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवते. असे कोर्स आधीच करून आलेली मुलं दरवर्षी माझ्या वर्गात असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी क्रेडिटचं, म्हणजे कोर्स पूर्ण केल्यावर पदवीसाठी जमा होणाऱ्या एककांचं, उरकून टाकू. क्रेडिट देणारं कॉलेज एक आणि ते मानायचं की नाही हे ठरवणारं दुसरं. कम्युनिटी कॉलेजचे (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजचे) कोर्स त्याच राज्यातल्या सरकारी विद्यापीठात सहसा चालून जातात, नामांकित खासगी विद्यापीठं मात्र बरेचदा हात वर करतात. एपीचंही, म्हणजे हायस्कूलमध्येच देता येणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षांचंही, तेच. ५ पैकी ३ गुण म्हणजे पास, पण अनेक ठिकाणी ४ किंवा ५ लागतात आणि कॅलटेकसारखं नावाजलेलं विद्यापीठ तर एपीवर क्रेडिट देतच नाही. जिथे अर्ज करणार आहात तिथला नियम स्वतः वाचा, समुपदेशकाच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

वेळेचा हिशोबही करून ठेवा. तीन क्रेडिटचा कोर्स म्हणजे आठवड्याला वर्गात ३ तास आणि वर्गाबाहेर साधारण ६ तास. तेही शाळेचा अभ्यास सांभाळून.

आता गणिताचं. पुढचे कोर्स करून आलेल्या मुलांना मी पहिल्याच आठवड्यात |x| चा आलेख काढायला लावते. इंग्रजी व्ही काढून सगळी मोकळी होतात. शून्यापाशी डेरिव्हेटिव्ह (आलेखाचा त्या बिंदूपाशी उतार) का नाही? "तिथे टोक आहे म्हणून." बरोबर. मग म्हणते, हेच व्याख्येवरून दाखवा. आणि इथे पेनं थांबतात. डावीकडून शून्याकडे येताना व्याख्येतलं |h|/h हे गुणोत्तर −१, उजवीकडून येताना +१, म्हणून लिमिट नाही. दोन ओळींचं काम आहे. पण ज्यांनी नुसती सूत्रं घोटलीत, त्यांना व्याख्या ही पेपरात न येणारी गोष्ट वाटत आलेली असते. असा मुलगा क्रेडिटच्या जोरावर पहिला कोर्स गाळून थेट पुढच्या वर्गात बसला की सत्राच्या मध्यावर गटांगळ्या खायला लागतो. नुकसान होतं ते इथे. कोर्स लवकर केल्याने काही बिघडत नाही, पाया कच्चा असताना पायरी गाळल्याने बिघडतं.

त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी एक करा. जो कोर्स पुढे गाळायचा विचार आहे त्याची जुनी अंतिम परीक्षा मिळवा आणि मुलीला घड्याळ लावून सोडवू द्या. एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर असे पेपर उत्तरांसकट फुकट आहेत. तिथेच गिल्बर्ट स्ट्रँग यांचा लिनियर अल्जिब्राचा कोर्स, १८.०६, आहे. कॅल्क्युलसमध्येच पुढे पुढे पळण्यापेक्षा तो किंवा नंबर थिअरी मला जास्त आवडेल, कारण शाळेत ते फारसं कुणी शिकवत नाही. फक्त व्हिडिओ बघून "झाला कोर्स" म्हणायचं नाही, प्रश्नसंच सोडवायचे.

प्रसिद्ध गणितज्ञ टेरेन्स टाओचं उदाहरण कुणीतरी देईलच. तो नवव्या वर्षी विद्यापीठाचं गणित शिकत होता हे खरंच, पण त्याला सरसकट पुढे ढकललं नव्हतं. ज्या विषयात जेवढी तयारी, तेवढ्याच वरच्या वर्गात त्याला बसवत.

शेवटचं, कारण हे कुणी सांगत नाही: या कोर्सची ग्रेड कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रकावर) कायमची राहते आणि पुढे मास्टर्सला किंवा मेडिकलला अर्ज करताना दाखवावी लागते. सोळाव्या वर्षीचा 'सी' बाविसाव्या वर्षी समोर येतो. म्हणून पहिल्या सत्रात एकच कोर्स घ्या आणि तो सोडायची अंतिम तारीख आधीच बघून ठेवा. त्या तारखेनंतर सोडला तर ट्रान्स्क्रिप्टवर 'डब्ल्यू' (कोर्स मध्येच सोडल्याची खूण) लागतो. एखादा असला तर फारसं कुणी विचारत नाही, दोन-तीन असले की विचारतात.