पाचवीच्या मापाने पहिली मोजू नका

बडोद्याच्या एका प्राथमिक शिक्षिकेचे पत्र आले आहे. मराठी माध्यमाच्या शाळेत त्यांनी वर्षानुवर्षे पाचवीला शिकवले. पटसंख्या घटल्यामुळे जून २०२४ मध्ये ती शाळा जवळच्या गुजराती शाळेत विलीन झाली आणि त्यांच्याकडे पहिलीचा वर्ग आला. ऑगस्टमध्ये विश्वामित्रीच्या पुराने शाळा बंद पडली, त्यात ऑनलाइन माहिती भरण्याचे काम वाढले. आता उन्हाळी सुटीत त्या लिहितात: "माझी पाचवीची मुले अपूर्णांकांची गणिते सोडवत असत. यंदाची मुले वर्षाअखेरीस चार-पाच शब्दांचे वाक्य जेमतेम वाचतात. वर्ष वाया गेले असे वाटते. यजमान म्हणतात, स्वेच्छानिवृत्ती घे. काय करावे?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील जे वाक्य तुम्ही अपयशाचा पुरावा म्हणून लिहिले आहे, त्यापासूनच सुरुवात करते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत या लहान मुलांच्या पायाभूत वाचन-गणिताच्या केंद्रीय अभियानात तिसरीपर्यंतच्या प्रत्येक इयत्तेअखेर मुलाला काय यावे, हे ठरवून दिलेले आहे. बालवाटिकेअखेर, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्षाअखेर, दोन-तीन अक्षरांचे सोपे शब्द आणि दहापर्यंतचे अंक. पहिलीअखेर चार-पाच सोप्या शब्दांची अनोळखी वाक्ये आणि ९९ पर्यंतच्या संख्या. म्हणजे ज्या ठिकाणी तुमची मुले पोहोचली म्हणून तुम्हाला संकोच वाटतो, वाचनात त्यांनी पोहोचायचे होते ते ठिकाण तेच आहे. शिवाय हा वर्ग नेहमीचा नव्हता. गुजरातमध्ये २०२३-२४ पासून पहिलीच्या प्रवेशाला सहा वर्षे पूर्ण असण्याची अट आली आणि शाळांमध्ये बालवाटिका सुरू झाल्या. तुमच्याकडे आलेली मुले ही त्या वाटेने पहिलीत पोहोचलेली पहिलीच तुकडी होती. त्यांना कसे शिकवायचे याचा जुना अनुभव तुमच्याच काय, कोणाच्याच गाठीशी नव्हता. पाचवीच्या मुलाची प्रगती त्याच्या उत्तरपत्रिकेत दिसते. पहिलीच्या मुलाची प्रगती त्याच्या जूनमधल्या आणि एप्रिलमधल्या वह्या शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. त्या वह्या शाळेत असतील तर शाळा उघडताच काढून पाहा, आणि एकट्याने न पाहता शेजारच्या वर्गाच्या शिक्षिकेलाही सोबत घ्या.

पुराबद्दल तुम्ही एकाच ओळीत लिहून पुढे गेला आहात: शाळा पुन्हा उघडल्यावर काही मुलांकडे पुस्तकेच उरली नव्हती, म्हणून आठवडाभर अक्षरे बाजूला ठेवून तुम्ही मुलांना घरात शिरलेल्या पाण्याची चित्रे काढू दिली आणि प्रत्येकाला आपल्या चित्राविषयी बोलायला लावले. तुम्ही हा आठवडा बुडालेल्या दिवसांत धरता. मला तो तुमच्या संपूर्ण वर्षातला सर्वांत चांगला अध्यापनाचा काळ वाटतो, कारण घाबरलेले सहा वर्षांचे मूल आधी बोलते आणि मगच वाचते. आणि ज्या मुलांच्या घरी मराठी किंवा हिंदी बोलली जाते, त्यांना गुजरातीत स्वतःचे काहीतरी सांगण्याची खरी गरज त्या आठवड्यात प्रथमच निर्माण झाली असणार.

आता जे वाया गेले नाही, पण खरोखर गेले, त्याविषयी. तुमची शाळा गेली. जिथे वर्गाबाहेरच्या गप्पासुद्धा मराठीत होत, जिथे जुने विद्यार्थी आपल्या मुलांचे बोट धरून येत, ती जागा आता नाही. १९०६ मध्ये सयाजीराव महाराजांनी ज्या संस्थानात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू केले, त्याच्या राजधानीत मराठी शाळेचा पट संपताना पाहणे कोणत्याही मराठी शिक्षिकेला जड जाईल. हे दुःख आहे आणि ते दुःख म्हणूनच वागवा; कामातल्या अपयशाचे नाव त्याला देऊ नका. माझ्या समजुतीप्रमाणे तुमच्या मनात या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, आणि म्हणून साऱ्या वर्षाचाच दोष तुम्ही स्वतःवर घेत आहात. जुन्या शाळेतील सहकाऱ्यांना या सुटीत एकदा घरी बोलवा. त्यांच्यापाशी जे बोलता येईल, ते नव्या शाळेत कोणाला सांगता येणार नाही.

स्वेच्छानिवृत्तीचा निर्णय या सुटीत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. यजमान काळजीपोटीच बोलत आहेत. रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर माहिती भरत बसलेल्या तुम्हाला त्यांनी पाहिले आहे, वर्गात वाचणारी मुले पाहिलेली नाहीत. त्या ऑनलाइन कामाची विभागणी व्हावी, असे मुख्याध्यापिकांना शांतपणे सांगा. नव्याने आलेल्या शिक्षिकेकडे असे काम नकळत जास्त सरकते. निवृत्तीचा विचार दिवाळीच्या सुटीत पुन्हा करा, आणि तेव्हाही थकवा तसाच असेल तर मी तुम्हाला अडवणार नाही.

त्याआधी एक अर्ज मात्र करा. पाचवी परत मागू नका. हीच मुले घेऊन दुसरीला जाण्याची परवानगी मागा. ती तुम्हाला ओळखतात, त्यांतले कोण कुठे अडखळते हे तुम्हाला पाठ आहे, आणि वाचन जमू लागलेल्या मुलांना शिक्षिका बदलल्याने जो खंड पडतो तो यंदा टाळता येईल. अर्जात पुराच्या काळात बुडालेल्या तासिकांचा आणि राहिलेल्या सरावाचा उल्लेख करा, म्हणजे मागणीचे कारण मुलांच्या गरजेचे आहे हे दिसेल. अर्ज लेखी असू द्या आणि तो शाळा उघडण्यापूर्वीच मुख्याध्यापिकांच्या हाती द्या, कारण वर्गांची वाटणी बहुधा जूनच्या आरंभीच ठरून जाते.